कानशिलाची रेघ

आकाराम निकमाला सांगलीत नावानं ओळखणारी माणसं थोडी. बाकी सगळे म्हणायचे, मेंदूच्या पट्टीवाले हवालदार. फौजेत असताना पुण्याच्या लष्करी इस्पितळात तो ईईजीचं मशीन चालवायला शिकला, सत्त्याऐंशी साली पेन्शनीवर आला आणि सांगलीत डॉक्टर प्रमोदिनीबाईंच्या दवाखान्यात त्याच कामाला लागला. डोक्याला पेस्ट लावून तारा चिकटवायच्या, मशीन सुरू करायचं, की पेनं कागदावर नाचायला लागतात आणि डोक्यात चाललेली सगळी गडबड शाईनं उमटत जाते. फिट येणारी पोरं, मोटारसायकलवरून पडलेले गडी, सगळे त्याच्या खुर्चीत बसून गेले होते.

बायांना लाख वेळा सांगा, उद्या डोकं धुऊन आणा, तेल लावू नका. दुसऱ्या दिवशी लेकरू हजर, आणि डोकं असं चपचपीत की तार चिकटायच्या ऐवजी घसरायची. डॉक्टरकडं पोराला कोरड्या डोक्यानं न्यायचं म्हणजे लोक काय म्हणतील! आकाराम मग बादलीत गरम पाणी घ्यायचा आणि स्वतःच्या हातानं त्या पोराचं डोकं धुवायचा. कुरकुर करायचा, पण डोळ्यात फेस जाऊ द्यायचा नाही.

गर्व त्याला एकाच गोष्टीचा. "रिपोर्ट म्हंजे रिपोर्ट," तो म्हणायचा. "त्यात माया न्हाई नि दुस्मनी न्हाई. कर्नलसायबाची पट्टी आसू दे न्हाई तर हमालाची, पेन तेच आन् शाई तीच." असं बोलणाऱ्या माणसाला देव एकदा तरी गाठतोच. आकारामाला शहाण्णव साली गाठलं.

त्या साली प्रमोदिनीबाईंनी एक वेगळं काम हातात घेतलं. त्यांच्याकडं काही पोरं यायची, जी बहिरी नसून हाकेला ओ द्यायची नाहीत, आंधळी नसून आईच्या तोंडाकडं बघायची नाहीत. गावाकडं त्यांना कुणी खुळं म्हणायचं, कुणी मुकं, कुणी पूर्वजन्मीचं काहीबाही. बाई म्हणायच्या, ऑटिझम. स्वतःत मग्न असलेलं मूल. मुंबईहून एक औषध यायचं होतं, ते अशा पोरांना देऊन बघायचं होतं. पण औषधानं गुण आला हे ठरवायचं कशावरून?

"आईला विचारायचं की," आकाराम म्हणाला होता.

"आईला साखरेची गोळी दिली तरी गुण दिसतो, हवालदार," बाई म्हणाल्या. "तिची इच्छाच तेवढी असते. मला अशी खूण पाहिजे की जी मुलाच्या अंगातून येईल आणि कुणाच्या मनावर अवलंबून राहणार नाही. अशा मुलांत वेगळी दिसेल, साध्या मुलांत वेगळी. आणि त्याच मुलाला आठ दिवसांनी परत तपासलं तर तीच येईल. आधी ती खूण पक्की करू, मग औषध."

त्यासाठी बाईंनी मागची खोली काळी करून घेतली. शेजारी शेजारी दोन टीव्ही, मध्ये काळ्या पुठ्ठ्याची भिंत, भिंतीला रुपयाएवढं भोक. एका टीव्हीवर हसणाऱ्या, ओठ हलवणाऱ्या बाईचा चेहरा, दुसऱ्यावर फिरणारी भिंगरी, दोन्ही आवाजाशिवाय. चित्रं मध्येच बाजू बदलायची. मूल आईच्या मांडीवर बसायचं आणि पुठ्ठ्यामागं आकाराम भोकाला डोळा लावून. मुलाची नजर डावीकडं गेली की डाव्या हातातलं बटण, उजवीकडं गेली की उजव्या हातातलं. जेवढा वेळ नजर तेवढा वेळ बटण. कागदाच्या कडेला दोन जादा पेनं होती, ती बटणाची खूण उठवायची. त्याच वेळी डोक्याच्या तारांची पट्टीही चालू असायची. मूल चेहऱ्याकडं किती बघतं आणि भिंगरीकडं किती, हे बाई नंतर बसून मोजायच्या.

नियम कडक होते. पुठ्ठ्यामागच्या माणसाला मूल कुणाचं हे कळता कामा नये. म्हणून आकाराम आधी जाऊन बसायचा, मयूरी सिस्टर बाहेर तारा चिकटवून मुलाला आणायची, आणि आईनं तोंडातून शब्द काढायचा नाही. नाव नाही, फक्त नंबर; कुठला नंबर कुणाचा ते सिस्टरच्या वहीत. कुठलं चित्र कुठल्या बाजूला आहे हेही त्याला कळता कामा नये. पण चार महिने पोरांच्या डोळ्यांत बघून बघून आकारामाला एक गोष्ट कळायला लागली होती, जी बाईंच्या ध्यानात आली नव्हती. अंधारात बुबुळात टीव्ही दिसतो. चेहरा असला तर फिकट ठिपका, भिंगरी असली तर बारीकसं काहीतरी गरगरत असतं. त्यानं हे बाईंना सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय, आपण थोडेच लबाड आहोत, असं त्याला वाटलं. माणूस घसरतो तो इथंच. उताराला लागल्यावर सगळ्यांनाच कळतं.

आजारी पोरं मिळाली, पण साधी पोरं मिळेनात. डोक्याला वायरी लावतात म्हटल्यावर चांगलं लेकरू कोण देणार? शेवटी बाईंनी दवाखान्यातल्या माणसांनाच विचारलं. आकाराम सगळ्यांच्या आधी छाती काढून उभा.

"माझी नात आनतो, मॅडम. तीन वर्साची हाय. आमच्या खानदानात आसलं खुळं-बिळं कुनी झालं न्हाई."

हे वाक्य त्याला पुढं दोन वर्षं झोपेतही ऐकू यायचं.

आकारामाचं गाव उंब्रजजवळ. ऊस, चार म्हशी, आणि घरटी एक माणूस फौजेत. त्याचा मुलगा बाळासोही तिकडंच, सरहद्दीवर. घरी सून विजयमाला आणि नात राजनंदिनी. आकाराम सांगलीत खोली घेऊन राहायचा, शनिवारी घरी जायचा. नातीवर त्याचा लय जीव. तिच्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात मोहरीएवढा तपकिरी तीळ होता. आकाराम म्हणायचा, देवानं दृष्ट लागू नये म्हणून काळं लावायचं ते पोरीच्या डोळ्यातच लावलं.

पोरगी बोलत नव्हती, पण आकाराम म्हणायचा, बाळासोबी उशिराच बोलला. पोरगी हाकेला वळत नव्हती, पण आकाराम म्हणायचा, तंद्रीत असती. कडबाकुट्टीचं चाक फिरायला लागलं की ती तासभर त्यासमोर उभी राहायची, आणि आकाराम म्हणायचा, इंजिनेर हुनार. अशी पोरं रोज भोकातून बघणाऱ्या माणसाला आपल्या घरातलं दिसत नव्हतं. की दिसत होतं? त्याचं त्यालाच माहीत.

डिसेंबरातली सकाळ. सतरा नंबरचं मूल आत आलं. खुर्ची करकरली, बांगड्या वाजल्या, टीव्ही सुरू झाले. आकारामानं भोकाला डोळा लावला आणि समोर डाव्या डोळ्यात मोहरीएवढा तीळ.

समोर आपली राजनंदिनी होती. पोरीची नजर उजवीकडं गेली, आणि बुबुळात बारीकसं काहीतरी गरगरायला लागलं. ती बघत राहिली. चित्रांनी बाजू बदलली, तशी तिची नजर भिंगरीच्या मागं डावीकडं गेली आणि तिथं चिकटली. चेहऱ्याकडं ती बघेना. अशी नजर आकारामानं चार महिन्यांत खूप पाहिली होती. त्या नजरेचा अर्थ काय हे त्याला बाईंइतकंच कळत होतं.

बाहेर मयूरी सिस्टर होती, बाई होत्या, उद्या सगळा दवाखाना असणार होता. आमच्या खानदानात आसलं कुनी झालं न्हाई. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पोरीच्या डोळ्यात भिंगरी फिरत होती आणि त्याच्या अंगठ्यानं दुसऱ्या हातातलं बटण दाबलं, चेहऱ्याच्या बाजूचं. मग परत. मग परत परत. मध्ये दोनचार वेळा भिंगरीचंही दाबलं, खरं वाटावं म्हणून. बावीस वर्षं मशीनपुढं बसलेला माणूस खोटं करायला बसला तर तेही नीटनेटकं करतो.

तपासणी संपल्यावर विजयमाला दबकत त्याच्याजवळ आली. "मामा, काय निघालं वं? मला वाईच भ्या वाटतंय. ही माज्या तोंडाकडं बघतच न्हाई."

"चांगली हाय," आकाराम म्हणाला. "मशीन खोटं बोलत न्हाई."

आठ दिवसांनी त्याच मुलांना परत तपासायचं होतं. पोरीला ताप आलाय म्हणून सांगता आलं असतं. पण मग बाई पुढची तारीख देतील. पहिल्या खोट्याला दुसऱ्यानं टेकू दिला. त्यानं परत तेच केलं, आणि दोन वेळचे आकडे इतके जवळ आले की बाई खूश झाल्या. "सतरा नंबर बघा, हवालदार! शंभरात एकाहत्तर वेळ चेहरा, मग त्र्याहत्तर. अशी खूण पाहिजे." आकाराम हसला. त्या हसण्याची त्याला नंतर शिसारी यायची.

एक गोष्ट मात्र त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होती, आणि तीच त्याला जगू देत नव्हती. डोळे डावी-उजवीकडं फिरले की दोन्ही कानशिलांजवळच्या तारांची पेनं हलतात. एक वर उडी घेतं, दुसरं खाली. नजर कुठं गेली ते त्या उडीवरून कळतं. मेंदूची पट्टी वाचताना हा कचरा समजतात, लाल पेन्सिलीनं त्यावर काट मारतात. बाई नव्या डॉक्टर होत्या तेव्हा हा कचरा ओळखायला त्यांना आकारामानंच शिकवलं होतं. म्हणजे सतरा नंबरच्या कागदावर कडेला त्याचं खोटं होतं, आणि वर कानशिलाच्या रेघेत पोरीचं खरं. दोन्ही एकाच शाईनं. त्यावर लाल काट त्यानंच मारली होती. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्याला कळत होतं. पण रोज उजाडायचं आणि कुणी त्या रेघेकडं बघायचं नाही.

इकडं गावात काय झालं? पोरगी बालवाडीत गेली आणि चौथ्या दिवशी परत आली. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, ऐकत नाही, नुसती पंख्याखाली उभी राहते. विजयमालानं पत्र घातलं तर बाळासोचं उत्तर आलं, तपासणीत चांगली निघाली ना, मग लाडानं बिघडली असेल, धाकात ठेव. विजयमाला मुळात मारकुटी बाई नव्हती. पण खुद्द सासऱ्यानं सांगितलेलं, की पोरीत दोष नाही. दोष नसलेलं पोर हाकेला ओ देत नाही म्हणजे मुद्दाम करतं. मग पहिली चापट बसली. ती सोपी नव्हती, दुसरी तिच्याहून सोपी होती.

शनिवारी आकाराम घरी यायचा तेव्हा एखाद्या वेळी पोरीच्या गालावर बोटं उठलेली दिसायची. तो खाटेवर बसून राहायचा. सुनेला म्हणावं, मारू नको, तर ती विचारणार, का? आणि त्या 'का'चं उत्तर त्याच्या एकट्याकडंच होतं. फौजेत दोन लढाया बघितलेला गडी, पण एका प्रश्नाला भिऊन तो चहा पीत बसायचा. लाज वाटत होती म्हणून त्यानं खोटं केलं, आणि आता त्या खोट्याची लाज पहिलीहून मोठी झाली होती.

अठ्ठ्याण्णवच्या फेब्रुवारीत साताऱ्याला कार्यक्रम ठरला. सातारा-सांगलीकडचे डॉक्टर येणार, त्या पोरांचे आईबाप येणार, बाई आपलं काम दाखवणार. आणि शेवटी सत्कार. दीड वर्ष पुठ्ठ्यामागं बसून चोख नोंदी घेतल्याबद्दल हवालदार आकाराम निकम यांना शाल-श्रीफळ. आकारामानं नको म्हणून पाहिलं. बाईंना वाटलं, माणूस विनयी आहे. सातारा गावापासून जवळ, म्हणून विजयमालाही नवं लुगडं नेसून, पोरीला घेऊन एसटीनं आली. सासऱ्याचा सत्कार म्हणजे घरचं कार्यच.

बाईंनी भिंतीवर कागदाच्या लांब पट्ट्या लावल्या होत्या. एका बाजूला त्या पोरांच्या, एका बाजूला साध्या पोरांच्या. साध्यांमध्ये सगळ्यांच्या पुढं सतरा नंबर. "नाव आम्ही सांगत नाही," बाई छडीनं दाखवत म्हणाल्या, "पण साधं मूल कसं बघतं, याचा हा नमुना. दोन वेळा तपासलं, दोन्ही वेळा जवळजवळ तेच."

नमुना त्या वेळी सभागृहाच्या मधल्या वाटेत पंख्याखाली उभा होता. मान वर, हात पसरलेले, स्वतःभोवती गोल गोल. विजयमालानं दोनदा हाक मारली. लोक वळून बघायला लागले. ती उठली, पोरीचा दंड धरला आणि सगळ्यांदेखत तिच्या कानशिलात ठेवून दिली.

"चांगली हायेस नव्हं तू? मशीननं सांगितलंय नव्हं? मग कशापायी नाटकं करतीस गं?"

शेजारच्या खुर्चीवर एक बाई तशाच एका मुलाला पोटाशी धरून बसली होती. ती हळूच म्हणाली, "ताई, मारू नका. माझापण असाच फिरतो. हाताबाहेरचं आहे हे त्यांच्या." विजयमाला फणकारली, "माजी तसली न्हाई. तपासलीया आमी."

आणि तेवढ्यात माइकवर आकारामाचं नाव पुकारलं.

आपल्याला वाटतं, आता हा गडी माइक हातात घेऊन सगळं ओकून टाकेल. तसं काही झालं नाही. तो गेला, मान वाकवली, शाल घेतली, नारळ घेतला. टाळ्या वाजल्या. विजयमालानंही वाजवल्या, त्याच हातांनी. खुर्चीत परत येऊन बसला तेव्हा शालीखाली त्याचं अंग घामानं निथळत होतं. आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला खरोखर वाटलं, आणि असं वाटण्याचीही लाज वाटली, कारण मरणं त्याच्या कामाचं होतं, पोरीच्या नव्हे.

लोक जेवायला गेल्यावर बाई एकट्याच पट्ट्या गुंडाळत होत्या. आकाराम समोर जाऊन सावधानमध्ये उभा राहिला. शाल घडी करून टेबलावर ठेवली, वर नारळ.

"सतरा नंबर माझी नात हाय, मॅडम. मी बटन खोटं दाबलं. दोन्ही बारीला."

बाईंना आधी कळलंच नाही. मग त्यांनी गुंडाळलेली पट्टी उलगडली, खिडकीच्या उजेडात नेली आणि लाल काट मारलेल्या रेघांवर बोट ठेवलं. कानशिलाची पेनं एकीकडं उडी घेत होती, बटणाची खूण दुसरीकडं होती. पानामागून पान.

"हे वाचायला तुम्हीच मला शिकवलंत," त्या म्हणाल्या.

"व्हय, मॅडम."

"एवढी एकच?"

"देवाशप्पत एकच."

"मी यावर विश्वास कसा ठेवू?" बाईंचा आवाज चढला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "तुमच्या हातची सगळी बटणं आता माझ्या दृष्टीनं गेली. साठ मुलं. कानशिलाच्या रेघांवरून सगळं परत मोजायला लागेल, आणि ते दुसरं कुणी मोजेल. औषध वर्षभर पुढं गेलं, हवालदार. बाहेर जेवताहेत ना, ते सगळे त्याची वाट बघताहेत."

बाईंनी पट्टी परत गुंडाळली.

"आणि मुलगी तीन वर्षांची होती तेव्हा आपण काहीतरी सुरू केलं असतं. रोज तिच्याशी बसणं, खेळणं, बोलणं. औषध नसलं तरी तेवढं होतं." बाईंनी चष्मा काढला. "सोमवारी तिला घेऊन या. पण तिच्या आईला मी सांगणार नाही. ते तुमचं काम."

सातारच्या एसटी स्टँडवर उंब्रजवरून जाणारी कराडची गाडी लागायची होती. विजयमाला बाकावर बसली होती, राजनंदिनी तिच्या पायाशी. समोर एका गाडीचं चाक काढून दुरुस्ती चालली होती, पोरगी त्याकडं टक लावून बघत होती. गाल अजून लाल होता.

आकाराम शेजारी बसला. खाली बघून, एकही शब्द गाळायचा नाही असं ठरवून, त्यानं सुनेला सगळं सांगितलं. खानदानाचं बोललेलं, तीळ दिसलेला, भिंगरी, अंगठा, दुसरी बारी, सगळं. ती मुद्दाम करीत न्हाई, तो म्हणाला, कवाच करीत नव्हती.

विजयमालानं आपला उजवा हात मांडीवर उलटा केला. ती तळव्याकडं बघत होती.

"किती खेपा दाबलं बटन, मामा?" तिनं विचारलं.

"त्या वक्ताला मोजलं न्हाई. पर कागदावर हाय सगळं. दुरुस्त करत्यात आता डाक्टरीनबाई."

विजयमालानं मान हलवली.

"तुमचं कागदावर तरी हाय," ती म्हणाली. "माजं कुटंच लिवल्यालं न्हाई वं. मी कुटनं मोजू?"

कराडची गाडी लागली. तिनं पोरीला उचललं, आणि तिचा हात गालाजवळ येताच पोरगी डोळे मिटून आक्रसली. आकारामानं ते अगदी जवळून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.